कॉल रेकॉर्डिंगचं लायसन: माणसं मोजू नका, एका वेळी चालणारे कॉल मोजा

जालन्याहून एका भावानं विचारलंय, आणि हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्यांची बियाण्याची कंपनी आहे, ऑफिसात २२ एक्स्टेंशन, त्यातले ९ जण दिवसभर शेतकऱ्यांचे आणि दुकानदारांचे फोन घेतात, लाईन पीआरआय आहे (एका जोडणीवर एकदम बरेच कॉल चालवणारी डिजिटल लाईन) आणि ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन जोडणारं यंत्र, जुनाच पण चांगला चालतोय. मागच्या खरिपात उगवणीच्या तक्रारी आल्या तेव्हा शेतकरी म्हणायचा तुमच्याच माणसानं फोनवर सांगितलं पेरा म्हणून, आणि माणूस म्हणायचा मी असं बोललोच नाही. म्हणून मालकांना आता सगळे कॉल रेकॉर्ड करायचेत. विक्रेत्यानं २२ सीटचं लायसन कोटेशनमध्ये लावलंय, आणि वर म्हणतोय की रेकॉर्डिंगचं सरकारी लायसन पण काढावं लागंल, ते आम्हीच काढून देऊ, त्याचे वेगळे पैसे. हे सगळं खरंच लागतं का, असा प्रश्न.

मी १८ वर्षं संभाजीनगरात हेच काम करतो, वाळूज, चिकलठाणा, जालना, बीडपर्यंत, ईपीएबीएक्स बसवणं आणि त्यावर रेकॉर्डिंग चढवणं. माझ्या मते खरा घोळ "लायसन" या शब्दात आहे. एक लायसन सरकारचं आणि एक सॉफ्टवेअर कंपनीचं, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो आणि विक्रेते त्याचा फायदा घेतात. दोन्ही वेगळं करून बघा, निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

सरकारी लायसन आधी. तुमच्या कंपनीच्या लाईनवर तुमच्या कंपनीचं ग्राहकाशी जे बोलणं होतंय ते तुम्ही रेकॉर्ड करायला वेगळं सरकारी लायसन लागत नाही. हा गैरसमज कुठून आला ते पण सांगतो. आधी कॉल सेंटरवाल्यांना दूरसंचार विभागाकडं ओएसपी नावाची नोंदणी करावी लागायची, कागदं, नकाशे, लई कटकट होती. ती नोंदणी नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल केले. जुन्या लोकांच्या डोक्यात ते अजून बसलेलं आहे. त्यामुळं "सरकारी लायसन" या नावाखाली एक रुपया देऊ नका, आणि विक्रेता ते लागतंच म्हणत असंल तर कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कार्यालयातून, हे लेखी मागा.

पण लायसन नाही म्हणजे मोकळं रान नाही बरं का. दुसऱ्या दोघांचं बोलणं तिसऱ्यानं चोरून ऐकणं हा गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोलणाऱ्यातला एक जण स्वतः रेकॉर्ड करतोय ही गोष्ट वेगळी, सुप्रीम कोर्टानं १९७२ मध्येच आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात बोलणाऱ्यातल्या एकाच्या संमतीनं केलेलं टेप पुराव्यात घेतलेलं आहे. तरी लपवून करू नका. फोन उचलल्यावर पहिल्या ५ सेकंदात मराठीत साधं वाक्य वाजवा, "हा कॉल रेकॉर्ड होत आहे." हिंदीत पण ठेवा. आणि ९ जणांनी बाहेर फोन लावला तर ते वाक्य आपोआप वाजत नाही, हे बहुतेक ठिकाणी विसरलेलं असतं, तिथं माणसानंच तोंडानं सांगायचं. तुमच्या स्वतःच्या स्टाफला पण लेखी कळवा आणि सही घ्या, आवाज त्यांचा पण आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, गट नंबर हे सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये असतंय, आणि डेटा नीट सांभाळला नाही म्हणून त्या कायद्यात २५० कोटीपर्यंतचा दंड लिहिलेला आहे. अनुदानाच्या कामासाठी शेतकरी फोनवर आधार नंबर आणि बँक खातं बिनधास्त सांगून मोकळा होतो. तेवढा वेळ रेकॉर्डिंग थांबवायचं बटन सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे खरेदीच्या आधी विचारा.

आता सॉफ्टवेअरचं लायसन, इथंच तुमचे पैसे जायलेत. साधारण दोन पद्धती आहेत. एक सीटवर, म्हणजे जितकी एक्स्टेंशन तितकी लायसन. दुसरी चॅनलवर, म्हणजे एकाच वेळी जितके कॉल रेकॉर्ड होतील तितकी. २२ सीट कोट करणाऱ्यानं सरळ एक्स्टेंशन मोजलेत, अकाउंटचं, गोडाऊनचं, मालकाच्या केबिनचं सगळं धरून. गोडाऊनचा फोन रेकॉर्ड करून तुम्हाला काय करायचंय?

चॅनल किती लागतील हे अंदाजानं ठरवू नका, तुमच्या ईपीएबीएक्समधून एसएमडीआर काढा, म्हणजे कोणता कॉल कधी आला किती वेळ चालला त्याची यादी. मागच्या जूनमधला सगळ्यात गर्दीचा तास पकडा. समजा त्या एका तासात ६० कॉल आले आणि एका कॉलला सरासरी ४ मिनिटं लागली, वाट बघायचा वेळ धरून. ६० गुणिले ४ म्हणजे २४० मिनिटं, भागिले ६०, म्हणजे सरासरी एका वेळी ४ कॉल चालू. पण कॉल काही ठरवून एकामागं एक येत नाहीत, पाऊस पडला की सकाळी ९ ला सगळे एकदम लावतात. त्यासाठी टेलिफोनवाल्यांचं अरलांग बी नावाचं गणित आहे, त्यात ४ ला ९ चॅनल दिले तर शंभरात एखादा कॉल सुटतो, १० दिले तर दोनशेत एखादा. म्हणजे या हिशोबानं १० पुरतात, वर थोडी सवड म्हणून १२. तुमचा एसएमडीआर वेगळं सांगत असंल तर तो खरा, माझं उदाहरण सोडून द्या.

यात एक मेख आहे. तुमची लाईन पीआरआय, तिच्यात ३० बोलायचे चॅनल. त्यावर बाहेरून टॅप (कॉल ऐकायला लाईनला समांतर जोडलेली तार) लावला तर रेकॉर्डरला सगळ्या ३० चे कॉल दिसतात, अकाउंटवाल्याचा बँकेला लावलेला फोन पण दिसतो, आणि तुमचे १२ चॅनल असल्या कॉलनी भरले तर १३ वा कॉल, जो नेमका तक्रारीचा असतो, तो गुपचूप रेकॉर्ड न होता निघून जातो. कुठं लाल दिवा लागत नाही. म्हणून विक्रेत्याला हे विचारा: ग्राहक सेवेच्या नंबरवर आलेले आणि त्या ९ एक्स्टेंशनवरून गेलेले एवढेच कॉल रेकॉर्ड करायचं फिल्टर लावता येतं का. येत असंल तर १२ बरोबर. ८ च्या पटीतच विकत असंल तर १६ घ्या. फिल्टर येत नसंल तर ते सॉफ्टवेअरच घेऊ नका.

लाईनच्या बाजूला टॅप का एक्स्टेंशनच्या बाजूला, हे तुमच्या कामावर आहे. लाईनच्या बाजूला केलं की कॉल एकाकडून दुसऱ्याकडं ट्रान्सफर झाला तरी फाईल एकच राहते, शेतकऱ्यानं आधी कुणाला काय सांगितलं आणि मग पुढच्यानं काय उत्तर दिलं ते सलग ऐकू येतं. पण ऑफिसातल्या ऑफिसात बोललेलं त्यात येत नाही. एक्स्टेंशनच्या बाजूला केलं की आतलं पण येतं पण ट्रान्सफर झाला की दोन तुकडे होतात आणि ते जोडायला बसावं लागतं. तुमच्या वादासाठी मी लाईनचीच बाजू घेईन.

टॅप लावताना जवळ उभं राहा. पीआरआयच्या आरजे-४५ मध्ये पिन १-२ ची एक जोडी आणि ४-५ ची एक जोडी, एकीत येणारा आवाज आणि एकीत जाणारा. रेकॉर्डरच्या कार्डला या दोन्ही जोड्या वेगवेगळ्या पोर्टवर द्याव्या लागतात, म्हणजे एका पीआरआयला कार्डचे दोन पोर्ट जातात. मला बीडजवळच्या एका कंपनीनं बोलावलं होतं, ४ महिन्यांचं रेकॉर्डिंग होतं, फाईली सगळ्या जागेवर, तारीख वेळ बरोबर. ऐकायला बसलो तर फक्त त्यांच्या मुलीचा आवाज. "हं... हो काका... हं... लॉट नंबर परत सांगा... हं... बरं." काकांनी काय सांगितलं त्याचा एक शब्द नाही. क्रोनच्या पट्टीवर (तारा दाबून बसवायची पट्टी) एक जोडी पंच करताना तार नुसती खाचेवर टेकलेली होती, आत बसलेलीच नव्हती. ४ महिने कुणी एक फाईल उघडून ऐकली नव्हती.

आता जे मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते. लायसन कशाला बांधलेलं आहे ते विचारा. काही सॉफ्टवेअरला युएसबी डोंगल, म्हणजे किल्लीसारखा लावायचा तुकडा, असतो, काहीचं लायसन कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डच्या मॅक नंबरला, म्हणजे त्या कार्डच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असतं. आपल्याकडं जूनच्या पहिल्या आठवड्यात विजा कशा पडतात तुम्हाला माहितीय. एका ठिकाणी मीच सगळं बसवलेलं, वीज पडली, स्विचचे २ पोर्ट आणि सर्व्हरचं नेटवर्क कार्ड गेलं. त्यांच्या माणसानं संध्याकाळपर्यंत नवं कार्ड टाकलं, फोन सुरू झाले, सगळे खूश. पण नवं कार्ड म्हणजे नवा मॅक नंबर, लायसन जुन्या नंबरला, सॉफ्टवेअर चालू दिसत होतं पण नवीन कॉल लिहीत नव्हतं. ११ दिवसांनी एका तक्रारीचं रेकॉर्डिंग शोधायला गेले तेव्हा कळलं, ऐन पेरणीचे ११ दिवस कोरे. सॉफ्टवेअर कंपनीला मेल केला तर म्हणाले एएमसी (वर्षाचा देखभाल करार) संपलीय, आधी ती भरा मग नवं लायसन काढून देऊ. त्यात आणखी ५ दिवस गेले. त्यात चूक माझी पण होती, लायसन मॅकला बांधलंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी कोटेशनवरच ३ ओळी लिहून घेतो. हार्डवेअर बदललं तर लायसन किती तासात आणि फुकट बदलून देणार. एएमसी संपली तरी रेकॉर्डिंग चालू राहणार का. आणि जुन्या फाईली लायसनशिवाय साध्या प्लेअरमध्ये उघडतात का. हे तिसरं लई महत्त्वाचं, कारण काही कंपन्या स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये लिहितात आणि मग तुमचाच आवाज ऐकायला तुम्हाला त्यांच्याकडं जावं लागतं. वेव्ह फाईल, म्हणजे साध्या प्लेअरमध्ये वाजणारी, मिळालीच पाहिजे.

विजेवरून आठवलं, एमडीएफवर (बाहेरच्या तारा येऊन जोडतात तो बोर्ड) जीडी ट्यूब (विजेचा झटका जमिनीत सोडणारी नळी) बसवा आणि अर्थिंग वेगळं करा, खड्ड्यात मीठ-कोळसा नीट भरून, उन्हाळ्यात पाणी टाकत राहायचं. जालन्याकडं काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगची पकड सुटते, मग पहिल्या पावसातल्या विजेला कार्ड बळी जातं. आणि लाईट जाऊन आली की रेकॉर्डिंगची सर्व्हिस आपोआप सुरू होते का हे मेन स्विच पाडून बघा, विक्रेत्यासमोरच.

डिस्कची फार चिंता करू नका. साध्या वेव्हला तासाला साधारण ५८ एमबी लागतात. ९ माणसं, दिवसाला ४ तास बोलणं, महिन्याचे २६ दिवस, झाले ९३६ तास, म्हणजे ५४ जीबीच्या आसपास. दोन्ही बाजूंचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवले तर दुप्पट, आणि ते ठेवाच, दोघं एकदम बोलले तर कोण काय म्हणालं ते वेगळं ऐकता येतं. किती दिवस ठेवायचं? ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत २ वर्षं आहे. म्हणून मी २ वर्षं सांगतो, आणि वाद चालू असलेल्या फाईली वाद संपेपर्यंत, बाकीचं काढून टाका. दोन वर्षांचं साधारण २.६ टीबी होतं, ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (एकीची नक्कल दुसरीत) टाकल्या की झालं, आणि महिन्याला एक कॉपी दुसऱ्या जागी.

आता पुराव्याचं, कारण तुमचं सगळं त्यासाठीच चाललंय. यातला देशभर गाजलेला निकाल तुमच्याच जालन्याचा आहे. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल, फरक २९६ मतांचा. उमेदवारी अर्ज वेळेत भरला का नाही हा वाद, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. त्याच्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र नव्हतं, मागून मागून अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठातून ते सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला कोर्टानं सांगितलं की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची कॉपी पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्र लागणारच. त्या प्रकरणात सूट मिळाली कारण मशीन दुसऱ्याच्या ताब्यात होतं आणि मागणाऱ्यानं सगळे प्रयत्न केले होते. तुमचं मशीन तुमच्याच ऑफिसात आहे, तुम्हाला ती सूट मिळणार नाही. १ जुलै २०२४ पासून ६५ ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक मशीन सांभाळणाऱ्यानं भरायचा आणि एक तज्ज्ञानं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठसा, लिहायची. म्हणून रोज रात्री त्या दिवसाच्या फाईलींची एसएचए-२५६ हॅश आपोआप काढून वेगळ्या ठिकाणी साठवायची सोय मागा. सर्व्हरचं घड्याळ इंटरनेटवरून लावून ठेवा, टेलिफोन बिलातली वेळ आणि तुमच्या फाईलची वेळ ७ मिनिटांनी वेगळी निघाली की समोरचा वकील तिथंच बोट ठेवतो. फाईल डिलीट करायचा अधिकार एकाच माणसाला, आणि त्यानं काय डिलीट केलं त्याची नोंद मशीनमध्ये राहिली पाहिजे.

आणि मालकांना एक गोष्ट आधीच समजावून सांगा. रेकॉर्डिंग दोन्हीकडून बोलतं. तुमच्या माणसानं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आत पेरा असं सांगितलेलं त्यात सापडलं तर ते पण ठेवावं लागंल. ज्या शेतकऱ्यानं दोनदा बी टाकलं त्याचं खरं असंल तर त्याला ते मिळालं पाहिजे, मी हे काम त्याच भरवशावर करतो.

फुकटचा पर्याय आहे का, तर आहे. अ‍ॅस्टेरिस्क नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, त्यात रेकॉर्डिंगला सीट नाही, चॅनल नाही, कसलंच विकतचं लायसन नाही. पण त्यासाठी बहुतेक वेळा जुना ईपीएबीएक्स बाजूला काढून पीआरआय त्याच्या गेटवेवर घ्यावी लागते, आणि लिनक्स (ते ज्यावर चालतं ती प्रणाली) समजणारा माणूस हाकेच्या अंतरावर पाहिजे. जालन्यात तुमच्याकडं तसा माणूस असंल तर जरूर करा, मी स्वतः ६ ठिकाणी चालवतोय. नसंल तर लायसनचे वाचलेले पैसे माणसाच्या चकरांत जातात.

फिरतीवरच्या पोरांच्या मोबाईलचं कुणी विचारंल म्हणून लिहितो, अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. गुगलनं मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या रेकॉर्डिंग अ‍ॅपची वाट बंद केलीय, फोनागणिक वेगळं वागतं. त्यांचे कॉल ऑफिसच्या लाईनमधून जोडून घ्या. आणि कुणी सिम टाकायच्या डब्याचा स्वस्त उपाय सांगितला तर सिम कुणाच्या नावावर आहेत ते आधी बघा, अनधिकृत सिम बॉक्सवर पोलिसांच्या धाडी पडतात.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं: २२ सीट नाकारा, १२ नाहीतर १६ चॅनलचं फिल्टरसकट कोटेशन मागा, त्या ३ ओळी लिहून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी १५ दिवसांचं ट्रायल लायसन घेऊन मे महिन्यातच चालवून बघा, जूनमध्ये वेळ मिळत नाही. त्या १५ दिवसात रोज सकाळी ऑफिस उघडलं की कुणीतरी स्वतःच्या मोबाईलवरून ग्राहक सेवेला फोन लावायचा, एक लॉट नंबर सांगायचा, ठेवायचा, आणि १० मिनिटांनी ती फाईल शोधून दोन्ही आवाज येतात का ऐकायचं, वहीत तारीख आणि सही. ट्रायल संपल्यावर पण ही वही चालू ठेवा. एसएमडीआरमधला गर्दीचा तास काढून इथं टाकलात तर चॅनलचा आकडा मी परत तपासून देतो.